दहावी चूल

सुंदररावांची जीप डोंगराच्या पायथ्याला उभी होती आणि ते स्वतः पाऊण तासाची चढण चढून वर आले होते. खालच्या गावच्या सोसायटीचा चेअरमन, देशमुखांच्या घरातला माणूस, पळवाडीत पायी आला होता. छत्तीस-सदतीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. गहिनीनाथानं घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. सुंदररावांनी तो एका दमात रिता केला आणि पुन्हा पुढं धरला.

"गोड पाणी हाय तुमचं," ते म्हणाले. "आमच्या बाया विहिरीत उतरून वाटीवाटीनं भरायल्यात."

"झऱ्याचं हाय. अजून तरी चालू हाय."

"नशीबवान हाव." सुंदररावांनी तोंड पुसलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "गहिनीनाथ, मी वाकडं बोलणारा माणूस न्हाई. ह्या कागदावर पळवाडीच्या समद्या घरांची नावं घालू. सोसायटीचे मेंबर करू तुमाला. तुमची जनावरं आमच्या छावणीत. पाझर तलावाचं काम तुमच्या वस्तीखालीच धरायला लावतो, म्हंजी तुमच्या माणसांना घरापाशी काम. आन् सरकारी दप्तरात वस्तीचं नाव. किती वर्सं झाली तुमी हेलपाटे मारताव?"

"अकरा," गहिनीनाथ म्हणाला.

"मंग?"

"आन् त्याच्या बदल्यात काय?"

सुंदररावांनी आवाज खाली आणला. "सिदू हितं आलाय. त्याची बायकूबी. माझ्या चुलतभावाचा गडी हाय त्यो. त्याचा बाप आमच्यात होता, आजा होता. त्या दोघांला खाली धाडून द्या. आन् फुडं कुणी पळून आलं तर ठिवून घ्यायचं न्हाई, एवढा शब्द द्या. परवा सकाळी मी पुन्हा येतो."

ते उतरून गेले. गहिनीनाथ कागद हातात धरून तसाच बसून राहिला.

बालाघाटच्या कुशीत, मांजरसुंब्याच्या घाटापासून आडबाजूला, नऊ चुलींची ही वस्ती कुठल्याच दप्तरात नव्हती. निजामाच्या राज्यात देशमुखांच्या वाड्यावरची वेठ सोडून तात्याबा आणि बायनाबाई लेकाला घेऊन एका पहाटे डोंगरात शिरले, तेव्हा गहिनीनाथ सहा वर्षांचा होता. मेंढरं वळणाऱ्या एका म्हातारीनं, केशरबाईनं, त्यांना झरा दाखवला. मग कुठून कुठून आणखी माणसं आली. कुणी कुणाची जात विचारली नाही, कारण विचारणाऱ्याला स्वतःचीही सांगावी लागली असती. खालच्यांनी चेष्टेनं पळवाडी म्हटलं, तेच नाव पडलं. निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली, तालुक्याला कचेऱ्या उभ्या राहिल्या, तात्याबा वारले. पण वस्ती कागदावर आली नाही. कागदावर नाही म्हणून रेशनकार्ड नाही, छावणीत जनावरं घेत नाहीत, दुष्काळी कामावर मुकादम नाव लिहीत नाही. गेल्या साली पाऊस आला नाही आणि यंदाही आला नाही, तेव्हा हे कागदावर नसणं गहिनीनाथाच्या गळ्याशी आलं होतं.

*

गहिनीनाथाच्या बायकोनं, ताराबाईनं, सगळं आतून ऐकलं होतं. नवऱ्याशी न बोलता ती शेळ्यांच्या कुडापलीकडं गेली.

सहा दिवसांपूर्वी सिदू आणि बायडाबाई आले, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली होती. घरात खाणारी तोंडं आठ, पीठ दोन दिवसांचं. तिनं कुडापलीकडं तीन दगड मांडून दिले होते आणि स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, पीठ तुमचं, चूल तुमची. आमचंच आमाला पुरंना." बायडाबाईनं मान हलवली होती. तिच्या पदरात सडकेच्या कामावरून आणलेली तांबडी मिलो होती, ती अमेरिकेतून आलेली ज्वारी. तेवढ्यावर दोघं निभावत होती.

आता बायडाबाई त्याच तीन दगडांपुढं बसून भाकरी थापत होती. मिलोची भाकरी तव्यावर तडकत होती. सिदू बाजूला बसून कुडाच्या काटक्या नीट लावत होता. त्याच्या दोन्ही पायांच्या घोट्यांवर दाव्याचे वळ अजून ओले होते.

"ऐकलंव का तुमी?" ताराबाईनं विचारलं.

"ऐकलं," बायडाबाई म्हणाली. हात थांबला नाही.

"काय केलंतं ह्यानं? कावून बांधलं?"

"चौसाळ्याच्या सडकेवर खडी फोडाया गेलता. आठ दिस. सरकारचं काम हाय, कुणीबी जावं म्हनले. मालकाची माणसं आली अन् कामावरनं वढून नेलं. तुला आमी पोसतो अन् तू सरकारचं काम करतुस, म्हनले. गोठ्यात बांधलं दोन दिस. बैल सोडलेले, त्यांच्या जागी ह्याला." बायडाबाईनं भाकरी उलटली. "मी इळ्यानं दावं कापलं."

ताराबाई खाली बसली आणि तिनं ते घोटे नीट पाहिले. तिथून उठताना तिनं पाहिलं, बायडाबाईनं एक भाकरी वेगळी काढून फडक्यात बांधली होती.

"ही म्हाताऱ्या आत्याबाईंला द्या. पहिल्या दिशी पाणी त्यांनीच दिलतं."

बायनाबाई लिंबाखाली बसली होती. तिनं भाकरी घेतली, कपाळाला लावली आणि रोजच्यासारखा पहिला तुकडा मोडून शेजारच्या दगडावर ठेवला. लग्न होऊन ताराबाई या घरात आली तेव्हापासून हे ती पाहत होती. देवीचा घास असेल म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. गहिनीनाथाचा थोरला, त्रिंबक, चौसाळ्याच्या शाळेवर मास्तर होता. तो दुपारी चालत आला आणि लिंबाखाली घरची माणसं बसली. गहिनीनाथाचा धाकटा भाऊ शहादेव मेंढरं कुडात घालून आला. आल्या आल्या म्हणाला, "आज अजून दोन गेली. एक तर गाभण होती."

"म्हूनच म्हनतो," गहिनीनाथ म्हणाला. "शहादेव, काल तूच म्हनलास, सिदूला हात लावू देणार न्हाई. आता बोल. छावणी मिळाली तर किती वाचतील?"

शहादेवानं मेंढरांच्या कुडाकडं पाहिलं. "समदी वाचतील, भाऊ."

"मंग?"

"मला इचारू नको. मला ह्या घडीला कळंना झालंय."

ताराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गहिनीनाथाला वाटलं होतं की ती तरी आपल्या बाजूनं बोलेल. सहा दिवस तीच कुरकुरत होती. पण ती म्हणाली, "त्याचे घोटे पाह्यले का तुमी? जाऊन पाहा आन् मंग कागदाचं बोला."

"मी काय आनंदानं करायलोय का?" गहिनीनाथ चिडला. "नऊ घरं हायती माझ्या जिवावर! दोन माणसांपायी नऊ घरं मारू का?"

 औरंगाबादला बी. ए. करताना इतिहासाच्या सरांनी त्रिंबकाला एक जाड इंग्रजी ग्रंथ वाचायला दिला होता. तो वाचून झाल्यावर कित्येक रात्री त्याला आपला डोंगर दिसत राहिला होता. घरी मात्र त्यानं कधी सांगितलं नव्हतं. काय सांगायचं, कुठल्या शब्दांत, हेच कळत नव्हतं.

"आबा, एक सांगू का?" तो म्हणाला. "ही मिलो जिकडून येते ना, त्याच बाजूला समुद्रात एक बेट आहे. जमैका. तिथं इंग्रजांनी आफ्रिकेतली माणसं जहाजात कोंबून आणली. विकत घेतलेली. माणूस विकत, त्याची लेकरं विकत, लेकरांची लेकरं विकत. उसाच्या फडात राबायला."

"उसाच्या?" शहादेवानं मान वर केली. तो दोन हंगाम पश्चिमेला ऊस तोडायला गेला होता.

"उसाच्याच, नाना. त्यातली काही डोंगरात पळाली. तिथं वस्त्या केल्या. खालून शिपाई निघाले की वरचा पहारेकरी गाईचं शिंग फुंकायचा, की सगळी वस्ती झाडीत गडप. ऐंशी वर्षं इंग्रज लढले, पण त्यांना वरची वाट सापडली नाही. दुसऱ्या एका मुलखात तर पळताना बायांनी केसांच्या वेण्यांत भाताचं बी लपवून नेलं, असं त्यांचे वंशज सांगतात."

"मी वटीत आणलं," बायनाबाई एकदम म्हणाली. "ज्वारीचं. दोन मुठी."

सगळे तिच्याकडं पाहू लागले. तिनं हातानं त्रिंबकाला पुढं बोल म्हणून खुणावलं.

"काय म्हणायचे त्या लोकांला?" ताराबाईनं विचारलं.

"मरून."

"मरून? मेलेले?"

"न्हाई आई, शब्द त्यांच्याकडचा आहे. डोंगरात पळून जाऊन जगलेल्या माणसांना ते मरून म्हणतात."

शहादेव हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. "जगलेल्याला मरून म्हनत्यात! भारी हाय बे."

गहिनीनाथ मात्र हसला नाही. "फुडं काय झालं त्यांचं?"

त्रिंबकाला हाच प्रश्न नको होता. तो अडखळला, पण खोटं सांगणं त्याला जमलं नाही. "इंग्रज थकले. सतराशे एकोणचाळीस साली त्यांनी तह केला. तुम्ही मोकळे, डोंगर तुमचा. फक्त इथून पुढं जो पळून येईल, त्याला धरून आमच्या हवाली करायचं."

"आन् त्यांनी?"

"मान्य केलं."

"बघ!" गहिनीनाथानं मांडीवर थाप मारली. "तुह्याच ग्रंथात लिव्हलंय. शाणी माणसं होती. आपली लेकरंबाळं वाचीवली त्यांनी."

"वाचवली, आबा. पण साठ वर्षंही झाली नाहीत तोवर इंग्रजांचं त्यातल्या एका गावाशी बिनसलं. त्यांनी त्या गावाला जहाजात घातलं आणि बर्फाच्या मुलखात नेऊन टाकलं. तेव्हा खालच्या फडातलं कोण मदतीला येणार? त्यांनाच तर ह्यांनी वर्षानुवर्षं धरून दिलं होतं."

"ती साठ वर्सं तर मिळाली! मला यंदाचा उन्हाळा काढायचाय, त्रिंबक. साठ वर्सांचं मला सांगू नको."

बायनाबाईनं हातातली काठी जमिनीवर टेकली. "गहिनी," ती म्हणाली, "तुह्या बापानंबी कबूल केलतं."

*

बायनाबाईच्या डोळ्यांपुढं तो दिवस काल घडल्यासारखा होता. छत्तीस वर्षांत तिनं तो कुणाला सांगितला नव्हता. तात्याबानं शपथ घातली होती. तात्याबा जाऊन नऊ वर्षं झाली, आता शपथ कुणाची पाळायची?

"आपून आलो, त्याच्या दुसऱ्या साली म्हसू आला," तिनं सांगायला सुरुवात केली. "वाड्यावरचाच. बैलं हाकायचा. एकटाच होता. हितं आपल्यात राह्यला, चार म्हैने. ह्या लिंबाला आळं त्यानंच केलं. गहिनी, तुला खांद्यावर घिऊन झऱ्यावर न्यायचा. आठवतं का?"

गहिनीनाथाला अंधुक काहीतरी आठवलं. उंच खांदा आणि कानाजवळ कुणाचं तरी गाणं. तो इतकी वर्षं समजत होता की तो खांदा बापाचा होता.

"मोठ्या देशमुखाची घोडी पायथ्याला आली. त्यांना वरची वाट गावंना. म्हून निरोप धाडला. तात्याबा, तुला सोडला, तुह्या लेकराला सोडलं. म्हसूला दे आन् फुडं कुणाला ठिवू नको. तुव्हा बाप तीन दिस जेवला न्हाई. चौथ्या दिशी म्हसूला घिऊन खाली गेला. म्हसूला सांगितलं, सरपण आणाया चल."

 ताराबाईनं पदर तोंडाला लावला.

"केशरबाई घोंगड्या इकाया वाड्यावर जायची. तिनं डोळ्यांनी पाह्यलं. देशमुखानं शब्द पाळला न्हाई. त्याला झरा पायजे होता, वाट पायजे होती. म्हसूला लई मारलं. वरची वाट सांग म्हनले. त्याला वाट ठावं होती, शेळ्यांचीबी वाट ठावं होती. त्यानं सांगितली न्हाई." बायनाबाईनं काठी मांडीवर आडवी घेतली. "आपून त्याला धरून दिलतं, तरीबी त्यानं सांगितली न्हाई. केशरबाई म्हनली, त्यो एवढंच म्हनत होता, वर लेकरू हाय. पावसाळ्यात गेला त्यो, गोठ्यातच."

तिनं शेजारच्या दगडाकडं हात केला. सकाळचा भाकरीचा तुकडा मुंग्यांनी अर्धा नेला होता.

"ह्यो घास त्याचा हाय. देवाला मी येगळं देते. तुमी समदे हितं हाव, खाताव, पिताव, ते तात्याबापायी न्हाई रं. म्हसूपायी. तुव्हा बाप वाईट न्हवता. भ्याला होता. पर पुन्हा कव्हा त्यानं कुणाला धाडलं न्हाई. जे आलं त्याला झऱ्याचं पाणी सोता पाजलं, मरुस्तवर."

गहिनीनाथ उठला आणि चार पावलं बाजूला गेला. त्याला आईकडं बघवत नव्हतं, आणि कुठं बघावं हेही कळत नव्हतं. तेवढ्यात कुडाजवळ सिदू दिसला. त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं होतं, मागं बायडाबाई गाठोडं घेऊन उभी होती.

"मालक," सिदू म्हणाला.

"मला मालक म्हनू नको."

"भाऊ, आमी आमचेच जातो. तुमाला कुणाला धरून द्यायला नको. सात दिस माणसावानी राह्यलो, लई झालं. एवढ्या सालात कुणी बस म्हनलं नव्हतं, हितं पह्यल्या दिशी म्हातारी आई बस म्हनली. तेवढं मला मरुस्तवर पुरंल."

गहिनीनाथ त्याच्याजवळ गेला. वाकला आणि त्यानं सिदूच्या घोट्यावरचे वळ पाहिले. नीट, दोन्ही पायांचे. मग त्यानं त्याच्या खांद्यावरचं घोंगडं काढून घेतलं आणि लिंबाखाली अंथरलं.

"बस," तो म्हणाला. "आता मी म्हनतो."

शहादेवानं नाक ओढलं. "मेंढरांचं बघू कायतरी. डोंगराच्या त्या अंगाला शेवरीचा पाला हाय अजून."

"बघायचंच तर दुसरं आहे," त्रिंबक घाईनं म्हणाला. आल्यापासून त्याच्या डोक्यात घोळत होतं ते आता बाहेर आलं. "सोसायटी काय सुंदररावांची एकट्याची मक्तेदारी आहे? आपण आपली काढू. मेंढपाळांची. आपण बीडच्या कचेरीत थेट जायचं, कुणाची चिठ्ठी लागत नाही. नोंदणी झाली की वस्तीचं नाव दप्तरात आपोआप लागतं. मग छावणीही मागता येते. मी कायदा वाचलाय. दहा माणसं लागतात, दहा वेगवेगळ्या घरची." तो थांबला. "तिथंच अडतंय. आपली घरं नऊ."

"धा हायती," ताराबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. ती थोडी ओशाळली. "त्यांची चूल येगळी हाय. मीच मांडून दिली. रागानं दिलती, पर येगळी हाय ना?"

*

सुंदरराव ठरल्याप्रमाणे आले. या वेळी गहिनीनाथ त्यांना भेटायला वाटेत उतरून गेला, अर्ध्या चढणीवर. मागं शहादेव आणि सिदू होते. सिदूला पाहून सुंदररावांना वाटलं, काम झालं.

गहिनीनाथानं कोरा कागद परत दिला. "दादासाब, सिदू येणार न्हाई. कुणीच येणार न्हाई. दुष्काळात तुमी आमची आठवण काढली, एवढी चढण चढून आलाव, त्याचं मला बरं वाटलं. हे मी मनापासनं बोलतो."

"इचार कर गहिनीनाथ. छावणीचं फाटक माझ्या हातात हाय."

"हाय. आन् झरा आमच्या दारात हाय." सुंदररावांचा चेहरा ताठ झाला, तेव्हा गहिनीनाथानं हात जोडले. "तसं न्हाई. धमकी न्हाई देत. तुमच्या बाया विहिरीत उतरत्यात म्हनलाव ना? एखादी पडंल अन् जीव जाईल. त्यांला वर धाडा. सकाळ-संध्याकाळ, झऱ्याची वाट आमी दाखवू. त्याच्या बदल्यात काय द्यायचं न्हाई, कुणाला धाडायचं न्हाई. पाणी हाय, घिऊन जावं."

 सुंदररावांना राग आला होता, पण खाली सहाशे माणसं तहानलेली होती, आणि याला नाही म्हणण्याइतके ते मूर्ख नव्हते. ते सिदूकडं न पाहता म्हणाले, "बाया उद्यापासनं येतील." मग चार पावलं उतरून मागं न वळता म्हणाले, "चुलतभावाला मी बघतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे खालच्या गावच्या तीस-बत्तीस बाया घागरी घेऊन वर आल्या. वाट दाखवायला पुढं बायडाबाई होती. ज्या गोठ्यातून ती इळा घेऊन निघाली, त्याच घरची सून, विमलबाई, तिच्या मागं होती. झऱ्यावर विमलबाईनं घागर भरली आणि डोक्यावर घेण्याआधी खाली ठेवली. बायडाबाईच्या दंडाला धरून ती हळूच म्हणाली, "बरं झालं निघून आलीस ते." बायडाबाईनं तिची घागर उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.

*

बीडच्या कचेरीत दोन हेलपाटे झाले. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला एका दाखल्यावर शिक्का नव्हता. तिसऱ्या खेपेला दहाही माणसांना समक्ष बोलावलं. ती पायी मांजरसुंब्यापर्यंत आली, तिथून एका मालट्रकवाल्यानं त्यांना फुकट घेतलं. "दुष्काळ समद्यांलाच हाय, बसा," एवढंच तो म्हणाला. बायनाबाईचं तिथं काही काम नव्हतं, तरी ती हट्टानं आली. ट्रकमध्ये ती सिदूच्या शेजारी बसली होती आणि घाट उतरताना तिनं त्याचा हात धरला होता.

कचेरीत लाकडी बाकावर सगळे ओळीनं बसले. कारकून चष्मा लावून एकेक नाव वाचत होता. नाव वाचलं की माणूस उठायचा, टेबलाजवळ जायचा, अंगठा द्यायचा. गहिनीनाथानं सही केली, मोठ्या अक्षरांत, जीभ दातांत धरून. नऊ झाले.

"सिद्धेश्वर ज्ञानोबा," कारकून म्हणाला.

कुणी उठलं नाही.

"सिद्धेश्वर ज्ञानोबा! राहणार पळवाडी. आलेत का?"

सिदू समोरच्या भिंतीकडं बघत बसला होता. त्याला आयुष्यभर सिदू म्हणून हाक मारली होती, नाहीतर अमक्याचा गडी म्हणून. त्रिंबकानं अर्ज लिहिताना बापाचं नाव विचारलं होतं, ते त्यानं सांगितलं होतं, पण ते दोन शब्द असे एकापुढं एक, मोठ्यानं, कचेरीत कुणी म्हणेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. गहिनीनाथानं त्याला कोपरानं ढोसलं.

"आरं, तुलाच बलवायलेत."

सिदू उठला. टेबलापाशी गेला. त्याचे दोन्ही हात जोडलेले होते. कारकुनानं शाईचं पॅड पुढं सरकवलं.

"अंगठा इथं."

"देतो साहेब," सिदू म्हणाला. "देतो. पर यक डाव पुन्हा वाचा की."

कारकुनानं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. बाकावरच्या माणसांकडं पाहिलं, कोपऱ्यात उभ्या असलेल्या म्हातारीकडं पाहिलं. त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं कागद पुन्हा हातात घेतला, घसा साफ केला आणि पहिल्यापेक्षा जरा सावकाश ते नाव वाचलं.